मोलाचा हिशोब

माझ्या एका चुकीच्या उत्तरामुळे एका बाईचे हात सोलले. ही गोष्ट सांगायला मी जवळजवळ वर्ष घेतलं. घरात सगळ्यांना ती माहीत आहे, बाहेर कुणाला नाही. पण चूक चारचौघांत केली असेल तर कबुलीही चारचौघांत द्यावी, असं अब्बा म्हणायचे. म्हणून लिहितोय.

माझी मोठी बहीण, आम्ही सगळे तिला आपा म्हणतो, मिरजेत राहते. भाईजान गेल्यावर तिनं शिवणकाम वाढवलं, पण डोळे साथ देईनात. मग बचत गटातल्या बायकांबरोबर साबण बनवायचं प्रशिक्षण घेतलं. तिथं तिला एक कागद मिळाला होता : खोबरेल तेल १ किलो, कॉस्टिक सोडा १७५ ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. त्या कागदावर तिनं तीन वर्षं साबण केला. रमजानच्या आधी आणि दिवाळीच्या आधी मागणी वाढायची. मोहल्ल्यातल्या बायका न्यायच्या, पलीकडच्या गल्लीतल्या न्यायच्या. कुणाची तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी खोबरेलाचे भाव भडकले. आपाचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. मी मराठीचा शिक्षक आहे. ती म्हणाली, "खोबरेल परवडेना. पामतेल घेतलं तर चालेल का रे? कॉस्टिक तेवढंच घालू ना?"

मी लाल पेन हातातच ठेवून म्हणालो, "घाल की. तेल ते तेल. एक किलोच्या जागी एक किलो."

दोन मिनिटांचा फोन. आपानं आणखी काही विचारलं नाही. तिच्या लेखी मी सायन्स शिकलेला होतो.

पाच किलो पामतेलाचा साबण तिनं केला. सत्तरएक वड्या झाल्या. महिनाभर सुकवून विकल्या. आठ-दहा दिवसांनी एक मावशी तिच्या दारात आल्या. चार घरची धुणीभांडी करतात त्या. आपाची जुनी गिऱ्हाईक. त्यांनी पदराखालून हात काढून दाखवले. तळवे लाल, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या, एका जागी कातडी निघालेली. भांडण करायला आल्या नव्हत्या. उरलेली दीड वडी कागदात गुंडाळून आणली होती. म्हणाल्या, "बाई, या खेपेला काहीतरी जास्त पडलंय बघा."

आपानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. मग घरोघर जाऊन सापडल्या तेवढ्या वड्या परत आणल्या, पैसे परत केले. मला तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं ते भाचीनं, मी ईदला गेलो तेव्हा, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून : "मामू, तुम्हीच म्हणाला होता ना, तेल ते तेल?"

*

आता मागचं सांगतो, म्हणजे माझ्या त्या उत्तराची किंमत कळेल.

दहावीला मला चांगले मार्क होते. अब्बा हार्डवेअरच्या दुकानात कामाला होते. अकरावी सायन्सची फी आणि पुस्तकं झेपणारी नव्हती. आपाची शाळा आठवीतच सुटली होती. तिनं ब्लाउज शिवून साठवलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि मी सायन्सला गेलो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला सगळं इंग्रजीत. पहिल्याच महिन्यात रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर 'मोल' आला.

मला वाटलं, मोल म्हणजे किंमत. कवडीमोल, अनमोल, मोलमजुरी यातलं मोल. कार्बनची किंमत १२ ग्रॅम, पाण्याची १८ ग्रॅम असं काहीतरी मी वहीत लिहून घेतलं. सर सांगत होते तो प्रचंड आकडा कशाचा, हे मला कळलं नाही. हात वर करून विचारायची लाज वाटली. एका मोलवर सगळं रसायनशास्त्र उभं असतं. तो पाया गेला, तशी पुढची सगळी गणितं गेली. वर्षाअखेर मी नापास झालो. घरी सांगितलं की मला साहित्याची आवड आहे, आर्ट्सला जातो. आवड होती हे खरं, पण जाण्याचं कारण ते नव्हतं. आपाला आजवर वाटत होतं की भाऊ सायन्स शिकून, आपल्या मर्जीनं मराठीकडे वळला.

म्हणून तिनं मला विचारलं. आणि म्हणूनच मी 'माहीत नाही' म्हणू शकलो नाही.

त्या ईदला भाचीचीही गोष्ट कळली. ती अकरावी सायन्सला. पहिल्या चाचणीत रसायनशास्त्रात २५ पैकी ३. तिला आर्ट्सला जायचं होतं. मी विचारलं, "कुठं अडलं?" ती म्हणाली, "मोल कन्सेप्ट."

मी त्या रात्री मिरजेतच राहिलो. दुसऱ्या दिवशी तिचं जुनं नववीचं विज्ञानाचं पुस्तक शोधून काढलं, मराठीतलं. पंचेचाळिशीतला मामू आणि सोळा वर्षांची भाची, दोघं नापास, एका चटईवर बसलो.

*

कळलं ते पुस्तकातून कमी आणि अब्बांच्या दुकानातून जास्त.

अब्बा स्क्रू कधी मोजून देत नसत. सुताराला पाचशे स्क्रू हवे असले की ते तोलून देत. अमुक मापाच्या शंभर स्क्रूंचं वजन किती, हे त्यांना पाठ होतं. पाचपट वजन टाकलं की पाचशे आले. तोलत होते, पण खरं तर मोजत होते. लहान स्क्रू आणि मोठा स्क्रू, दोन्ही पाचशेच हवे असतील तर पारड्यातलं वजन वेगळं. आणि वजन दोन्हींचं एक किलोच घेतलं तर लहान स्क्रू जास्त भरणार, मोठे कमी.

मोल म्हणजे एवढंच आहे. अणू-रेणू इतके बारीक की मोजता येत नाहीत, म्हणून ते तोलून मोजायचे. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे एक ठरलेला आकडा : ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. आपल्या भाषेत सांगायचं तर सहाशे दोन कोटी कोटी कोटी. १८ ग्रॅम पाणी म्हणजे साडेतीन चमचे. तेवढ्या पाण्यात एवढे रेणू असतात. जगातल्या ८०० कोटी माणसांनी सेकंदाला एक या वेगानं न थांबता मोजले, तरी सुमारे २४ लाख वर्षं लागतील. म्हणून तराजू.

आणि तोलायचं किती, तेही सोपं ठेवलंय. त्या पदार्थाचं अणुवस्तुमान किंवा रेणुवस्तुमान जेवढं, तेवढे ग्रॅम घेतले की एक मोल झाला. कार्बन १२ ग्रॅम, पाणी १८ ग्रॅम, चांदी सुमारे १०८ ग्रॅम, सोनं सुमारे १९७ ग्रॅम. वजनं वेगळी, नग सारखे.

आपा बाजूला बसून लसूण सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे निसाबासारखं."

मी चमकलो. जकात किती मालावर लागू होते त्या मर्यादेला निसाब म्हणतात. आपल्याकडे ती साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगतात, ग्रॅममध्ये ८७.४८ आणि ६१२.३६. दोन धातू, दोन वजनं, पण हद्द एकच. आपाचं म्हणणं अगदी तंतोतंत लागू नाही. निसाबात मोजतात ती किंमत. मोलमध्ये मोजतात ते नग. शिवाय आजच्या भावात सोन्याचा निसाब आणि चांदीचा निसाब यांत मोठी तफावत पडते, मोलमध्ये तशी कधीच पडत नाही. पण 'वेगळ्या वजनामागे एकच माप असू शकतं' हा मुद्दा आठवी शिकलेल्या आपाला एका वाक्यात समजला. मला तो समजायला तीस वर्षं लागली होती.

*

मग भाचीनं तो साबणाचा कागद समोर ठेवला. म्हणाली, "आता हे करू."

तेलाचा रेणू म्हणजे एका ग्लिसरॉलला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. कॉस्टिक सोडा या तीन साखळ्या सोडवतो आणि प्रत्येक साखळीचा साबण होतो. म्हणून तेलाच्या एका रेणूला कॉस्टिकचे तीन नग लागतात. भिंतीवरच्या हुकासारखं : एका हुकाला तीन स्क्रू.

कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. सोडियम २३, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १. बेरीज ४०. म्हणजे एक मोल ४० ग्रॅमचा, तीन मोल १२० ग्रॅमचे.

तेलाचं इतकं सरळ नसतं, कारण कुठल्याही तेलात अनेक प्रकारचे रेणू मिसळलेले असतात. पण सरासरी काढता येते. खोबरेलातल्या साखळ्या आखूड असतात, त्यामुळे त्याच्या रेणूचं सरासरी वस्तुमान सुमारे ६५६. पामतेलातल्या साखळ्या लांब, त्याचं सुमारे ८५१.

आता एक किलो खोबरेल : १००० भागिले ६५६ म्हणजे सुमारे १.५२ मोल. त्याला तिप्पट कॉस्टिक, साधारण ४.५७ मोल. गुणिले ४०. उत्तर १८३ ग्रॅम. साबणात थोडं तेल मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे तो कातडीला लागत नाही. म्हणून त्यातून पाच टक्के वजा केले की आले १७४. आपाच्या कागदावर होते १७५. कागद बरोबर होता. तो कुणीतरी नीट हिशोब करून बनवला होता.

एक किलो पामतेल : १००० भागिले ८५१ म्हणजे सुमारे १.१८ मोलच. तेवढ्याच किलोत हुक कमी, कारण एकेक हुक जड. तिप्पट करून ४० नं गुणलं की साधारण १४१ ग्रॅम. पाच टक्के सोडले तर १३४.

भाचीनं आकडे दोनदा तपासले. मग माझ्याकडे न बघता पुढचं लिहिलं : १७५ वजा १४१ बरोबर ३४. पाच किलोला १७०.

१७० ग्रॅम कॉस्टिक त्या साबणात नुसतं पडून होतं. त्याच्याशी जुळायला तेल उरलंच नव्हतं. वडीमागे दोन ग्रॅमहून जास्त. सगळे हुक लावून झाल्यावर उरलेले स्क्रू जमिनीवर सांडावेत आणि कुणाच्या तरी पायात घुसावेत, तसं ते मावशींच्या हातात घुसलं होतं. कॉस्टिक कातडीशीही तेच करतं जे तेलाशी करतं : तिच्यातली चरबी काढून घेतं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. आपानं लसणाची ताटली उचलली आणि आत गेली. मग मी उठून तिच्यामागे गेलो आणि तीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. नापास झाल्याचं, आवडीच्या बहाण्याचं, तिच्या पैशांचं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी रागावले असते का?" थोड्या वेळानं म्हणाली, "रागावले असते. पण आज विचारलं नसतं तुला."

*

भाचीनं आणखी एक गणित केलं. परत आलेला साबण वितळवून त्यात आणखी तेल घातलं तर उरलेलं कॉस्टिक संपेल का? पूर्ण खेपेचा हिशोब तिनं धरला : १७० भागिले ४० म्हणजे ४.२५ मोल. तीन कॉस्टिकला एक तेल, म्हणून १.४२ मोल तेल. गुणिले ८५१. म्हणजे सुमारे १.२ किलो पामतेल. गणित बरोबर होतं. आपानं तेवढ्या हिशोबानं तो साबण दुरुस्तही केला, पण विकला नाही. फरशी आणि मोरी धुवायला वापरला. म्हणाली, "लोकांच्या हातावर दुसऱ्यांदा प्रयोग नको." माप-तोलात खोट करणाऱ्यांवर कुरआनात आख्खी एक सूरह सुरू होते, सूरह अल्-मुतफ्फिफीन, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ती सूरह कमी तोलून लुबाडणाऱ्यांबद्दल आहे. आमच्याकडे तर काटा शून्यावर होता, वजनही चोख होतं. हिशोब न करता माप सांगितलं ते मी.

त्यानंतर मी या 'मोल'चा थोडा मागोवा घेतला. १८११ मध्ये इटलीच्या आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी मांडलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. तो आकडा नेमका किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या हयातीत फारसं कुणी मनावरही घेतलं नाही. पुढे १८६५ मध्ये ऑस्ट्रियाच्या लोश्मिट यांनी रेणूंच्या आकाराचा पहिला अंदाज बांधला. 'मोल' हा शब्द जर्मनीत ओस्टवाल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केला. १९०९ मध्ये फ्रान्सच्या पेरँ यांनी त्या आकड्याला ॲव्होगॅड्रोंचं नाव दिलं. १९७१ मध्ये मोल हे मीटर, किलोग्रॅमच्या पंगतीतलं सातवं मूलभूत एकक झालं, आणि २० मे २०१९ पासून तो आकडा कायमचा पक्का झाला : ६०२२१४०७६ आणि त्यापुढे पंधरा शून्यं. ज्यानं कल्पना मांडली त्याला आकडा माहीत नव्हता आणि त्यानं तो माहीत असल्याचं ढोंग केलं नाही. मला हे वाचून बरं वाटलं आणि लाजही वाटली.

आपल्या जलशांत एक वाक्य हमखास येतं : रसायनशास्त्र मुसलमानांनी जगाला दिलं. जाबिर इब्न हय्यान यांचं नाव घेतलं जातं, टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. त्यांच्या नावावरच्या ग्रंथांचं महत्त्व मोठं आहेच. 'अल्कली' हा शब्दसुद्धा अरबी 'अल्-कली'वरून आला, म्हणजे क्षारयुक्त वनस्पतींची राख. तीच राख साबणाला लागायची. पण ज्या मंडपात मी टाळ्या वाजवत होतो, त्याच मोहल्ल्यात एक मुलगी मोल समजत नाही म्हणून सायन्स सोडायच्या बेतात होती आणि तिच्या आईला योग्य आकडा सांगणारं कुणी नव्हतं. आपल्या मुलांना नापास होण्याआधी हात वर करून 'कळलं नाही' म्हणता यावं, यासाठी आपण काय करतो? मी तरी काही केलं नव्हतं.

आता दर रविवारी आपाच्या घरी चार-पाच मुलं येतात. शिकवते एक बी.एस्सी. झालेली शेजारची सून. मी चहा करतो आणि इंग्रजी शब्दांचं मराठी सांगतो.

*

मावशींकडे मी गेलो, आपाला घेऊन. हात भरून यायला पंधरा दिवस लागले होते. तेवढे दिवस कामं बंद, एक घर कायमचं सुटलं. त्या पंधरा दिवसांचे पैसे आपानं आधीच दिले होते. ते मी तिला द्यायला गेलो तर तिनं निम्मेच घेतले. म्हणाली, "न विचारता घातलं असतं तर सगळी चूक माझी. विचारून घातलं म्हणून निम्मी."

मी मावशींना म्हणालो, "चूक हिची नव्हती. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं सांगितलं."

त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आलात ते बरं केलंत." मग आपानं नव्या खेपेची वडी पुढे केली. १३४ ग्रॅमची, महिनाभर सुकवलेली, आठ दिवस स्वतःच्या हातावर वापरून पाहिलेली. मावशींनी ती घेतली नाही. "राहू दे बाई, दुकानातला चालतो मला."

आम्ही परत आलो. त्यांचं बरोबर होतं.

भाची सायन्सलाच आहे. पुढच्या चाचणीत तिला २५ पैकी १४ मिळाले. आपाच्या तराजूवर भिंतीला तिच्या अक्षरात एक कागद आहे. एक किलोला कॉस्टिक : खोबरेल १७४, पाम १३४. खाली लिहिलंय : कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावूनच. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरांत : तेल बदललं तर आधी हिशोब, मामूला फोन नाही.

ती शेवटची ओळ मी पुसू दिली नाही.